गाळ न धरणारं रक्त

सोलापुरात साखर पेठेच्या मागच्या बोळात मी राहायला गेलो, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सकाळी खिडकी उघडली की आज काय वार आहे हे कळायच्या आधी मला गटाराचा रंग कळायचा. कधी जांभळं पाणी वाहत असे, कधी हिरवं, लग्नसराईच्या तोंडावर लालभडक. हे पाणी सिद्रामप्पांच्या रंगखान्यातून यायचं. सिद्रामप्पा माझे घरमालक. खाली पुढच्या बाजूला सूत रंगवायचा कारखाना, मागं त्यांचं घर आणि वर माझी खोली. मी शाळेत शास्त्र शिकवत होतो म्हणून बोळाचा मास्तर झालो होतो, आणि ते कुणाला काहीही शिकवत नसतानाही बोळाचे अप्पा होते.

अप्पांचं धोतर पांढरंशुभ्र असे. दिवसभर रंगखान्यात बसून त्यावर कधी एक ठिपका पडलेला मी पाहिला नाही. याचं कारण साधं होतं. रंगात हात घालायचं काम बाकीच्यांचं, अप्पांचं काम फक्त बघायचं. कपाळावर विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, पोट सुखवस्तू. दारासमोरच्या दगडी कट्ट्यावर ते उन्हं अंगावर घेत बसत. हौदातून काढलेली सुताची लड घेऊन शिवलिंग समोर यायचा. शिवलिंग म्हणजे त्यांचा मुकादम. अप्पा ती लड उजेडाकडे धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि निकाल द्यायचे. "डाळिंबी." किंवा "आमसुली, पण आंबट न्हाय." आपल्यासारख्यानं नुसतं "लाल" म्हटलं की त्यांना राग यायचा.

"लाल म्हंजे काय, मास्तर? पोरगी बघायला गेलाव आन घरी येऊन सांगितलाव, बाईमाणूस हाय, तर चालतंय काय?"

अप्पांचा डोळा खरोखरच तयार होता, हे कबूल केलं पाहिजे. पेठेतले विणकर त्यांच्याकडूनच सूत रंगवून न्यायचे. चादर कुठल्याही मागावरची असो, तिचा रंग पाहून तो कुठल्या रंगखान्यातला हे ते सांगत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. भानगड एवढीच होती की आपला डोळा चुकूही शकतो, ही गोष्ट त्यांना कुणी कधी सांगितली नव्हती. एकदा एका नव्या कामगारानं सांगून पाहिली. अप्पा "मोरपंखी" म्हणाले, तर हा म्हणाला, "जरा काळपट वाटायलंय." अप्पांनी त्याला शांतपणे हौदात पाणी भरायला लावलं आणि दुसऱ्या कामाला घेतलंच नाही. "पाणी भर, डोळं धुतल्यागत होतील," एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्या रंगखान्यात एकच उत्तर ऐकू यायचं, "व्हय अप्पा." घरात त्यांच्या पत्नी, गौराक्का, एवढंही बोलत नसत. त्या आतून कानडीत "री", म्हणजे "अहो", अशी हाक मारायच्या, म्हणजे जेवण तयार आहे.

अप्पांची आणि वैद्यकशास्त्राची पहिली गाठ पडली ती एका तापानं. पेठेतल्या जुन्या डॉक्टरांना एक सवय होती. खोकला असो, कंबरदुखी असो की सुनेचा जाच असो, ते आधी रक्ताची ई.एस.आर. तपासणी लिहून द्यायचे. या तपासणीत रक्त एका बारीक उभ्या काचेच्या नळीत भरून तासभर ठेवतात आणि लाल भाग किती खाली बसला ते बघतात. अंगात कुठं सूज असेल, जंतूंचा त्रास असेल तर तो भराभर खाली बसतो. कुठं आणि कशानं, हे ती नळी सांगत नाही. नुसतं सांगते की काहीतरी धुमसतंय.

अप्पांनी लॅबमध्ये रक्त दिलं आणि घरी न जाता त्या नळीसमोरच स्टुलावर ठाण मांडलं. लॅबवाले कुलकर्णी म्हणाले, "अप्पा, तासानं या." अप्पा हलले नाहीत. हौदात रंग टाकल्यावर मालकानं हौद सोडायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तास संपेस्तोवर त्यांनी नळीवरची नजर काढली नाही. रक्त जेमतेम हललं होतं. अप्पा स्वतःचं रक्त प्रथमच पाहत होते आणि धंदेवाईक नजरेनं पाहत होते.

संध्याकाळी कट्ट्यावर सभा भरली. "हलका रंग हौदात खाली बसतोय, गाळ धरतोय. भारी रंग बसत न्हाय, पाण्यात मिळून ऱ्हातोय. आमचं रक्त बघितलो मी. गाळ न्हाय!" शिवलिंग म्हणाला, "व्हय अप्पा." बाकीचेही व्हय म्हणाले. नरसय्या नावाचे तेलुगू विणकर होते, घरी चार माग असलेले, ते सूत न्यायला आले होते. त्यांनी तर हात जोडले. ताप आपोआप गेला, पण त्या दिवसापासून अप्पांना रक्ताच्या वरच्या प्रतीचा अभिमान जडला. दर दोन-तीन महिन्यांनी ते उगाच जाऊन ती तपासणी करून घ्यायचे आणि सोयरीक जमल्यासारखा चेहरा करून परत यायचे.

दुसरं निदान मुंग्यांनी केलं. अंगणातल्या मोरीपाशी मुंग्यांची रांग लागू लागली आणि ती फक्त अप्पा जाऊन आले की लागायची. मी त्यांना बाजूला घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितलं. मधुमेह निघाला आणि बराच निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भात, गूळ आणि हुग्गी बंद करायला सांगितलं. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर. ती बंद करा असं लिंगायताच्या घरात सांगणं म्हणजे देवळात जाऊन घंटा वाजवू नका म्हणण्यापैकी होतं. अप्पा मला म्हणाले, "मास्तर, साखर कुटं सापडली? लघवीत. म्हंजे बाहेर पडायलीय न्हवं? नवीन सूत पहिल्या धुण्यात जादा रंग सोडतंयच. सोडलं की मग पक्कं होतंय. अन रक्तात तर गाळच न्हाय."

मी त्यांना समजावलं, ई.एस.आर. सूज सांगतो, साखर सांगत नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. मी फळ्यावर काढल्यासारखी बोटानं हवेत नळीसुद्धा काढून दाखवली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला गौराक्कांनी नुकतीच केलेली हुग्गी वाढायला लावली. स्वतःही घेतली, मला एकट्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून.

डॉक्टरांनी घरच्या घरी साखर बघायची पद्धत सांगितली होती. त्या काळी निळं औषध काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, नारिंगी आणि विटकरी झालं तर भरपूर. हे ऐकून अप्पा इतके खूश झाले की आजार झाल्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. उभ्या महाराष्ट्रात मधुमेहाचे रोगी पुष्कळ असतील, पण रंगारी किती! रोज सकाळी कट्ट्यावर स्पिरिटचा दिवा पेटू लागला. नळी उकळायची, अप्पा ती उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा बारीक करून निकाल द्यायचे. "आज पोपटी." "आज हळदी, पण कवळी हळद." एकदा सरळसरळ विटकरी निघाली, तर म्हणाले, "शेंदरी! मारुतीचा रंग. शुभ हाय." शिवलिंग म्हणाला, "व्हय अप्पा."

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग मला एक वेगळी गोष्ट दिसू लागली. नळी नारिंगी झालेली असायची आणि अप्पा म्हणायचे, "हिरवट." आधी मला वाटलं, नेहमीसारखी स्वतःची समजूत घालतायत. पण समजूत घालणारा माणूस जरा घुटमळतो. अप्पा घुटमळत नव्हते. त्यांना खरोखरच ते हिरवट दिसत होतं. मी म्हणालो, "अप्पा, हे नारिंगी आहे. तुम्ही डोळे दाखवून घ्या."

"मास्तर, तुमचा डोळा शाळंतला. माझा हौदावरचा." आणि शिवलिंगाकडे वळून, "काय रं?"

"व्हय अप्पा. हिरवंच की."

मी शिवलिंगाला नंतर गाठलं. तो म्हणाला, "मास्तर, आमाला कळतंय की. आमी आता सुताचा रंग आधीच आमच्या डोळ्यानं मिळवून घेतो. अप्पाम्होरं न्यायच्या आदी त्यास्नी सांगतो, अप्पा, डाळिंबी काढलंय बघा. मग ते म्हणतेत, डाळिंबी. कुणाचंच काय बिघडंना." अशा तऱ्हेनं अख्खा रंगखाना एका माणसाला बरोबर ठेवण्याच्या कामाला लागला होता. तेवढ्या कष्टात त्यांना दवाखान्यात नेऊन आणता आलं असतं, पण त्यासाठी कुणीतरी "नाही" म्हणावं लागलं असतं.

एकदा मात्र शिवलिंग गावाला गेला होता आणि अप्पांनी स्वतःच्या डोळ्यानं नरसय्यांचं सूत पास केलं. नरसय्यांना पाहिजे होतं डाळिंबी. मिळालं ते चिखलात पडलेल्या विटेच्या रंगाचं. नरसय्यांनी बघितलं, गिळलं आणि मुकाट्यानं मागावर चढवलं. त्या चादरी पुण्याच्या कुणा व्यापाऱ्याला इतक्या आवडल्या की त्यानं आणखी मागवल्या. नरसय्या येऊन म्हणाले, "अप्पा, मागच्यासारखाच रंग पायजे." अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शास्त्राच्या पुस्तकासकट लहान झालो. नशीबसुद्धा "व्हय अप्पा" म्हणणाऱ्यांत सामील झालं होतं.

मग अप्पांच्या पाठीवर काळपुळी उठली. साखर वाढली की असं जहरी गळू होतं. त्यांना पाठ टेकवता येईना, ताप चढला. डॉक्टरांनी सवयीप्रमाणे आधी ई.एस.आर. लिहून दिला. अप्पांना रिक्षात बसवून आम्ही लॅबमध्ये नेलं. गौराक्का होत्या, शिवलिंग होता, रविवार म्हणून मीही होतो. तापातही अप्पा नळीसमोर बसले. तास झाल्यावर कुलकर्णी आले.

"बसलं न्हाय," अप्पा म्हणाले. "बघा, वरपतूर भरलंय. पक्का माल."

कुलकर्णी म्हणाले, "अप्पा, जवळजवळ अर्ध्यावर आलंय."

"काय बोलायलाव! शिवलिंगा, बघ रं. बसलंय काय?"

शिवलिंगानं बघितलं. नळीत वर फिकट पिवळं पाणी होतं आणि खाली लाल. माझ्या वर्गातल्या सगळ्यात ढ पोरालाही ते दिसलं असतं. शिवलिंग म्हणाला, "न्हाय अप्पा. बसलं न्हाय."

कुलकर्णी आमच्याकडे आळीपाळीनं बघू लागले. त्यांना वाटलं असावं, हा सगळा मोहोल्लाच आंधळा आहे. मी म्हणालो, "अप्पा, बसलंय. मलाही दिसतंय." अप्पा हसले. शिकलेली दोन माणसं एका बाजूला झाली, म्हणजे आपणच खरे, असं ते हसणं होतं.

तेवढ्यात गौराक्का पुढं आल्या. त्यांनी अप्पांचा हात धरला, त्यांचं बोट नळीवर टेकवलं आणि सावकाश खाली आणत निम्म्यावर थांबवलं. "हितं," त्या म्हणाल्या. "हितनं खाली लाल हाय. वर न्हाय."

अप्पांनी बोट तिथंच ठेवलं. मान पुढं केली, मागं केली, एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा मिटून पाहिला. मग हळूच विचारलं, "मला दिसंना, हे तुला ठावं होतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"गड्ड्याच्या जत्रंपास्नं. मिरवणुकीत तुमी नंदीध्वजाच्या काठीला हात जोडून हुबारलाव. त्यो म्होरं जाऊन लई येळ झालता, री."

अप्पांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि मला त्यांची फार दया आली. इतकी वर्षं मी त्यांना मनातल्या मनात हसत आलो होतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

काळपुळी चिरली, इन्सुलिन सुरू झालं. सकाळी कट्ट्यावरच्या दिव्याऐवजी आत चुलीवर इंजेक्शनची काचेची पिचकारी उकळू लागली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, खोलीत अंधार केला आणि बारीक दिवा लावून आत बराच वेळ पाहिलं. साखरेनं डोळ्यामागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत झाल्या होत्या आणि झिरपत होत्या. डाव्या डोळ्यात तर मोठा रक्तस्राव होऊन गेला होता. अप्पांनी विचारलं, "पडद्यावर डाग पडलंत म्हणा की. कुठल्या रंगाचं?"

"लाल," डॉक्टर म्हणाले.

अप्पांनी त्या माणसाला नुसतं लाल म्हणू दिलं. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "पण सायेब, इतकी वर्सं ई.एस.आर. नार्मल होता की."

"असेल. गळू नव्हतं तोवर तो नॉर्मलच राहणार. आणि तो नॉर्मल असतानाच तुमचा डोळा जात होता."

डावा डोळा हाती लागण्यासारखा नव्हता. उजव्यासाठी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात प्रखर प्रकाशाचे चटके देऊन गळक्या वाहिन्या बंद करायची नवी सोय झाली होती. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली टिकण्याची आशा होती. अप्पा म्हणाले, मुंबईला गेलो तर पेठेत कळेल. आजवर रंग बघून मिळवलेला मान त्या एका तिकिटावर निघून जाईल, ही त्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती. गौराक्कांनी पिशवी भरली, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधली आणि म्हणाल्या, "पेठंला ठावं हाय, री. ठावं नव्हतं ते तुमालाच." ती दोघं मुंबईला गेली.

उजवा डोळा टिकला, धूसर का होईना. त्याच सुमारास माझी बदली कुर्डुवाडीच्या शाळेत झाली. मी खोली सोडली. हल्ली वर्तमानपत्रात वाचतो की रक्तातल्या सुजेच्या खुणा आणि मधुमेहाचे डोळे यांचा काही आतला संबंध आहे का, हे मोठमोठे डॉक्टर शोधतायत. अप्पांना हे कळलं असतं तर त्यांनी पुन्हा सभा भरवली असती आणि "मी म्हणत नव्हतो?" असं विचारलं असतं. उत्तर काय मिळालं असतं ते सांगायला नको.

बदलीनंतर वर्षभरानं काही कामासाठी सोलापूरला गेलो, तेव्हा त्यांना शेवटचं पाहिलं. कट्ट्यापासून चार पावलांवर थबकलो. कट्ट्यावर अप्पा बसले होते आणि शेजारी, जिथं बाईमाणूस कधी बसलं नव्हतं तिथं, गौराक्का. शिवलिंग लड घेऊन उभा होता. अक्कांनी ती उजेडाकडे धरली.

"डाळिंबी," त्या म्हणाल्या.

"व्हय अक्का," शिवलिंग म्हणाला आणि लड घेऊन वळला.

"थांब," अप्पा म्हणाले. "तू बघ, शिवलिंगा. तुला काय दिसतंय?"

"अक्का म्हणत्यात तसंच की, अप्पा."

"अक्काचं सोड. तुझं सांग."

शिवलिंग लडीकडे बघायला लागला, मग अक्कांकडे, मग जमिनीकडे. अप्पांनी चाचपडत त्याचं मनगट धरलं. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मला दिसत नव्हतं तवा तू व्हय म्हणालास. सगळी व्हय म्हणालाव. माझा डोळा साखरेनं निम्मा खाल्ला, निम्मा तुमच्या त्या व्हयनं. मीच तशी सवय लावलो, ठावं हाय मला. पण आता तिला तरी न्हाय म्हण की रं."

शिवलिंगानं मोकळ्या हातानं लड उजेडाकडे धरली. मग खालच्या मानेनं म्हणाला, "न्हाय अक्का. जरा फिकं हाय."

गौराक्कांनी लड पुन्हा उजेडात धरली, उलटीपालटी करून पाहिली. "व्हय की," त्या म्हणाल्या, "फिकंच हाय. परत टाक हौदात."

अप्पांनी शिवलिंगाचं मनगट सोडलं आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. एका डोळ्यात दिसणं उरलं नव्हतं, पाणी मात्र दोन्ही डोळ्यांतून आलं.